नदी प्रांताची, करार देशाचा

4 मार्च 2025 रोजी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारी मद्यदुकानांत कर्मचारी फळ्यांवरून बाटल्या उतरवू लागले. केंटकीची बर्बन व्हिस्की, कॅलिफोर्नियाची वाइन, टेनेसीतली जगप्रसिद्ध लेबले असा सगळा अमेरिकी माल खोक्यांत भरून गोदामात गेला. अमेरिकेच्या 35 राज्यांतून येणारी 3,600 च्या वर उत्पादने एकाच आदेशाने विक्रीतून बाद झाली. या मालाची वर्षाची विक्री जवळजवळ 100 कोटी कॅनेडियन डॉलर होती. अध्यक्ष ट्रम्प यांनी कॅनडाच्या मालावर लादलेल्या 25 टक्के आयातशुल्काला दिलेले हे उत्तर होते. ओटावातल्या केंद्र सरकारनेही प्रतिशुल्क लावलेच. पण फळ्या रिकाम्या करण्याचा आदेश टोरांटोतून निघाला. तो प्रीमियर डग फोर्ड यांच्या प्रांत सरकारचा होता. प्रीमियर म्हणजे तिथले मुख्यमंत्री.

प्रांताला हे करता आले, कारण ओंटारिओत मद्याचा घाऊक व्यापार सरकारी मंडळाच्या हातात आहे. 1927 मध्ये दारूबंदी उठली तेव्हा विक्रीवर लगाम राहावा म्हणून ‘लिकर कंट्रोल बोर्ड ऑफ ओंटारिओ’ स्थापन झाले. आज ते जगातल्या सर्वांत मोठ्या मद्य खरेदीदारांपैकी एक आहे. प्रांतातला बार असो की हॉटेल, परदेशी बाटली तिथूनच घ्यावी लागते. दारूच्या व्यसनाला आवर घालायला काढलेली एक कचेरी शंभर वर्षांनी आंतरराष्ट्रीय व्यापारयुद्धात हत्यार म्हणून कामी आली.

दोन शेजारी देशांचे आर्थिक संबंध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन राजधान्या येतात, दोन झेंडे आणि सह्या करणारे दोन नेते. अमेरिका आणि कॅनडा यांच्या बाबतीत हे चित्र अर्धेच खरे आहे. अलास्का धरून 8,891 किलोमीटरची ही सीमा जगातली सर्वांत लांब. तिच्या एका बाजूला 50 राज्यांचा संघ, दुसऱ्या बाजूला 10 प्रांत आणि 3 प्रदेश यांचा. सीमेवरून जे जाते, म्हणजे लाकूड, वीज, तेल, मोटारींचे सुटे भाग, त्यातले बरेचसे ज्या जमिनीतून, जंगलातून, नदीतून येते तिची मालकी देशाकडे नाही, प्रांताकडे आहे. ज्याच्याकडे मालकी त्याच्या होकाराशिवाय माल हलत नाही, आणि या दोन देशांच्या व्यवहारातली गुंतागुंत बहुतेक तिथूनच सुरू होते.

याची मुळे 1867 च्या घटनेत आहेत. तिच्या 109 व्या कलमाने जमिनी, खाणी आणि खनिजे प्रांतांच्या स्वाधीन केली. अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या गवताळ पठारावरच्या प्रांतांना हा हक्क सुरुवातीला नव्हता. तो त्यांना 1930 मध्ये मिळाला, आणि पुढे अल्बर्टात तेलाचे मोठे साठे सापडले तेव्हा त्या हक्काची खरी किंमत कळली. 1937 मध्ये आणखी एक कलाटणी मिळाली. केंद्र सरकारने आंतरराष्ट्रीय कामगार करारांच्या आधाराने कायदे केले होते. तेव्हा कॅनडाचे सर्वांत वरचे अपील न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते रद्द ठरवले. ओटावाने परदेशाशी करार जरूर करावा, पण करारातला विषय प्रांतांच्या यादीतला असेल तर अंमलबजावणीचा कायदा प्रांतांनीच करायचा, असा त्या निकालाचा अर्थ होता.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. भारतीय राज्यघटनेच्या 253 व्या कलमाने संसदेला आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करता येतो. तरीही 2011 मध्ये पश्चिम बंगालच्या विरोधामुळे बांगलादेशाशी होऊ घातलेला तिस्ता पाणीवाटपाचा करार अडला, आणि तो आजही झालेला नाही. भारतात राज्याने अडवले ते राजकीय बळावर. कॅनडात प्रांताच्या मागे थेट घटना उभी असते.

अमेरिकेची घटना तिच्या राज्यांच्या बाबतीत अधिक कडक आहे. पहिल्या अनुच्छेदाचे दहावे कलम राज्यांना परदेशाशी तह करायला सक्त मनाई करते, आणि कोणताही पक्का करार करायचा तर काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, संमती मागते. पण विजेची तार कुठून न्यायची, सरकारी कामासाठी पोलाद कुणाचे घ्यायचे, पुलाला जोडणारा रस्ता बांधायचा की नाही, हे प्रश्न तिथेही राज्यांच्याच दारात येतात. (तिथले गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखे नेमलेले नसतात. ते जनतेतून निवडून येतात आणि त्यांच्याकडे खरी सत्ता असते.)

या सगळ्याचे सर्वांत विलक्षण उदाहरण कोलंबिया नदीचे आहे, आणि ते सविस्तर सांगायलाच हवे.

ही नदी ब्रिटिश कोलंबिया प्रांतात रॉकी पर्वतांच्या पायथ्याशी उगम पावते. आधी वायव्येला जाते, मग मोठा वळसा घेऊन दक्षिणेला वळते, वॉशिंग्टन राज्यात शिरते आणि ओरेगनच्या सीमेने वाहत प्रशांत महासागराला मिळते. लांबी सुमारे 2,000 किलोमीटर. तिच्या पाणलोटाचा जेमतेम 15 टक्के भाग कॅनडात आहे, पण तो उंच, बर्फाळ डोंगरांचा असल्यामुळे पाण्यातला त्याचा वाटा त्याच्या दुपटीहून जास्त आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ वितळले की नदी फुगते आणि हिवाळ्यात आटते. 30 मे 1948 च्या दुपारी या पुराने पोर्टलँडजवळचे व्हॅनपोर्ट हे गाव पुसून टाकले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी उभारलेली ती वसाहत होती. रेल्वेचा भराव फुटला, 15 माणसे गेली आणि 18,000 च्या वर माणसे बेघर झाली. ते गाव पुन्हा वसले नाही.

पूर अडवायचा तर धरणे वरच्या अंगाला, म्हणजे कॅनडात, बांधायला हवीत हे अभियंत्यांना दिसत होते. आणखीही एक फायदा होता. वर साठवलेले पाणी हिवाळ्यात सावकाश सोडले तर खालच्या अमेरिकी वीजकेंद्रांना वर्षभर नियमित पाणी मिळेल आणि तीच जनित्रे कितीतरी जास्त वीज देतील. धरणे कॅनडाची, जास्तीची वीज अमेरिकेत. मग ती कुणाची? उत्तर मोठे न्याय्य निघाले: निम्मी निम्मी. 17 जानेवारी 1961 रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर आणि पंतप्रधान डीफेनबेकर यांनी कोलंबिया नदी करारावर सह्या केल्या. अमेरिकेच्या सिनेटने दोन महिन्यांत मान्यता दिली.

त्यानंतर करार साडेतीन वर्षे पडून राहिला, कारण ब्रिटिश कोलंबियाचे प्रीमियर डब्ल्यू. ए. सी. बेनेट यांना तो मान्य नव्हता.

केलोना गावात हार्डवेअरचे दुकान चालवून पुढे आलेला हा माणूस 1952 ते 1972 अशी सलग 20 वर्षे प्रांताचा कारभार पाहत होता. बेनेट यांचा हिशेब सरळ होता. उत्तरेला पीस नदीवर प्रांत स्वतःचे प्रचंड धरण बांधत होता. तिथून भरपूर वीज मिळणार होती. मग कोलंबियाच्या वाट्याची निम्मी वीज अमेरिकेतून परत आणून तिचे करायचे काय? ती अमेरिकेलाच आगाऊ विकावी आणि त्या पैशांत कोलंबियावरची धरणे बांधावीत, म्हणजे प्रांताला नदी जवळपास फुकटात बांधून मिळेल. ओटावाचे धोरण याच्या विरुद्ध होते. एकदा वीज दीर्घ मुदतीने शेजाऱ्याला दिली की ती परत मागता येत नाही, तिकडचे कारखाने तिच्यावर उभे राहिलेले असतात, ही भीती कॅनडात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती, आणि ती निराधार नव्हती.

पण नदीचे पाणी प्रांताचे होते. धरणाला परवाना देणारा अधिकारी प्रांताचा होता. इतकेच नव्हे, ऑगस्ट 1961 मध्ये बेनेट यांनी ‘बी. सी. इलेक्ट्रिक’ ही खासगी वीज कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्याच वर्षी ‘बी. सी. हायड्रो’ हे सरकारी मंडळ उभे केले. आता धरण बांधणारा, पाणी देणारा आणि वीज घेणारा असे तिघेही प्रांताचेच झाले. पंतप्रधानांच्या सहीचा करार हातात असूनही ओटावाला एक दगड हलवता येईना.

1963 मध्ये सरकार बदलले. नवे पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांनी वीज निर्यातीचे धोरण सैल केले आणि जुलैमध्ये प्रांताशी स्वतंत्र करार केला. देशाने आपल्याच एका प्रांताशी करार केल्याशिवाय शेजारी देशाशी केलेला करार लागू होत नव्हता, हे मला या साऱ्या कहाणीतले सर्वांत लक्षणीय पान वाटते. या अंतर्गत करारानेच ठरवले की अमेरिकेकडून येणारा लाभ प्रांताचा, आणि जबाबदाऱ्याही प्रांताच्या. 16 सप्टेंबर 1964 रोजी सीमेवरच्या पीस आर्च कमानीपाशी समारंभ झाला. अध्यक्ष जॉन्सन आले, पिअर्सन आले, आणि त्यांच्या बरोबरीने बेनेटही होते. 30 वर्षांच्या विजेची किंमत म्हणून सुमारे 25 कोटी 40 लाख अमेरिकी डॉलर एकरकमी मिळाले. पूरनियंत्रणाचे 6 कोटी 44 लाख वेगळे.

डंकन धरण 1967 मध्ये, ॲरो सरोवरांवरचे 1968 मध्ये आणि माइका 1973 मध्ये पुरे झाले. पूर थांबले. पण ॲरो सरोवरांच्या काठची शेते, फळबागा, रेनाटासारखी लहान गावे पाण्याखाली गेली. सुमारे 2,300 माणसे उठली. त्या खोऱ्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आदिवासी राष्ट्रांना कुणी विचारलेच नाही, ना ओटावाने, ना प्रांताने. प्रांताचे सरकार लोकांच्या अधिक जवळ असते, म्हणून ते अधिक ऐकते, हे आपण फार सहज धरून चालतो. ॲरोच्या काठावर ते खरे ठरले नाही. धरणांचा खर्च अंदाजाबाहेर गेला, त्यामुळे फुकटात नदी बांधून घेण्याचा हिशेबही पुरता जमला नाही. 30 वर्षांची विक्री संपत आली तेव्हा खोऱ्यातल्या लोकांनी आपला वाटा मागितला, आणि 1995 मध्ये ‘कोलंबिया बेसिन ट्रस्ट’ स्थापन झाला. प्रांताने दिलेल्या भांडवलावर तो त्या भागातली कामे करतो. विक्रीची मुदत संपल्यावर विजेचा निम्मा हिस्सा प्रांताकडे परत येऊ लागला आणि त्याचे दरवर्षी कोट्यवधी डॉलर होऊ लागले.

वीज हाच विषय देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युबेकमध्ये, वेगळ्या अंगाने पुढे गेला. तिथे ‘हायड्रो-क्युबेक’ हे प्रांताचे महामंडळ 1944 पासून आहे. 1960 च्या दशकात प्रांताचे मंत्री रेने लेवेक यांच्या पुढाकाराने उरलेल्या खासगी वीज कंपन्याही त्यात आल्या. फ्रेंच भाषकांसाठी तो स्वाभिमानाचा प्रश्न होता, कारण तोवर प्रांतातली वीज, पैसा आणि वरच्या जागा इंग्रजी भाषकांच्या हाती होत्या. 1965 मध्ये या महामंडळाने जगातली पहिली 735 किलोव्होल्टची वाहिनी सुरू केली. 1971 मध्ये प्रीमियर रोबेर बुरासा यांनी जेम्स उपसागराच्या प्रदेशात ला ग्रांद नदीवर महाप्रकल्प जाहीर केला. त्यातले मुख्य वीजकेंद्र जमिनीखाली सुमारे 140 मीटरवर खडकात कोरलेले आहे आणि त्याची क्षमता 5,616 मेगावॉट आहे.

एवढी वीज क्युबेकला पेलत नव्हती असे नाही, पण तिची वेळ वेगळी होती. क्युबेकमध्ये घरे विजेवर तापवतात, त्यामुळे मागणीचा कळस हिवाळ्यात येतो. न्यूयॉर्कमध्ये तो उन्हाळ्यात येतो, वातानुकूलनामुळे. एकाचा सुगीचा काळ तो दुसऱ्याचा ओढीचा, असा हा निसर्गानेच जुळवलेला सौदा. न्यूयॉर्कच्या सरकारी वीज प्राधिकरणाशी हायड्रो-क्युबेकने करार केले, आणि 1980 च्या दशकाच्या शेवटी ग्रेट व्हेल या आणखी उत्तरेकडच्या नदीवरच्या प्रकल्पासाठी 1,000 मेगावॉटचा नवा करार झाला.

त्या नदीकाठी क्री आणि इन्युइट लोक राहत होते. पहिल्या प्रकल्पात त्यांच्या शिकारीच्या जमिनी गेल्या होत्या. प्रांत सरकार ऐकत नव्हते, तेव्हा त्यांनी ग्राहकाचे दार ठोठावायचे ठरवले. त्यांनी एक नाव बांधली. तिचा अर्धा भाग क्री लोकांच्या कनूसारखा आणि अर्धा इन्युइटांच्या कयाकसारखा होता. हडसन उपसागरावरून निघून, बर्फावरून ओढत, ट्रकवर लादत, नद्यांतून वल्हवत ते एप्रिल 1990 मध्ये वसुंधरा दिनाला न्यूयॉर्क शहरात पोहोचले. वाटेत गावोगावी सभा झाल्या. विजेचा दिवा लावणाऱ्यांना तो कुठल्या पाण्यावर पेटतो हे त्यांनी समोर बसून सांगितले. 1992 मध्ये मारियो क्युओमो गव्हर्नर असताना न्यूयॉर्कने करार रद्द केला. विजेची मागणी मंदावली होती, हेही त्याचे कारण होतेच. 1994 मध्ये प्रीमियर झाक पारिझो यांनी प्रकल्पच गुंडाळला. यात ओटावा आणि वॉशिंग्टनची भूमिका दुय्यम राहिली. एका प्रांताचा प्रकल्प शेजारच्या देशातल्या एका राज्याने नाही म्हटल्याने थांबला.

हा अनुभव क्युबेकला पुन्हा आला. मॅसॅच्युसेट्सला 2010 च्या दशकात स्वच्छ वीज हवी होती आणि ती क्युबेककडे होती, पण दोघांच्या मध्ये दुसरी राज्ये आहेत. न्यू हॅम्पशायरच्या समितीने 2018 मध्ये वाहिनीला परवानगी नाकारली. मग मार्ग मेन राज्यातून ठरला. नोव्हेंबर 2021 मध्ये मेनच्या मतदारांनी सार्वमतात सुमारे 59 टक्के मतांनी तोही नाकारला. बरीचशी झाडे तोडून झाली होती, खांब उभे राहत होते. काम थांबले आणि न्यायालयातल्या लढाईनंतर 2023 मध्ये पुन्हा सुरू झाले. न्यूयॉर्कसाठीची नवी 1,250 मेगावॉटची वाहिनी यातून शहाणपण घेऊन आखली आहे. ती शँप्लेन सरोवराच्या आणि हडसन नदीच्या तळातून, जमिनीखालून जाते, आणि क्युबेकमधल्या तुकड्याची सहमालकी कानावागे इथल्या मोहॉक समाजाकडे आहे.

मालकीचा हाच प्रश्न लाकडातही आहे, आणि तिथला तंटा आता चार दशकांहून जुना झाला आहे. ब्रिटिश कोलंबियात 90 टक्क्यांहून अधिक जमीन प्रांताची. झाड तोडणाऱ्याने प्रांताला किती पैसे भरायचे तो दर प्रांतच ठरवतो. अमेरिकेत जंगले बरीचशी खासगी, तिथे लिलाव होतो. कॅनडाचा दर मुद्दाम कमी ठेवलेला आहे, ही लपवलेली सबसिडी आहे, अशी अमेरिकी लाकूड व्यावसायिकांची तक्रार 1982 मध्ये सुरू झाली आणि शुल्क, खटले, तडजोडी अशा फेऱ्या अजून चालूच आहेत. अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत खासगी जंगल जास्त असल्याने त्यांना बराच काळ या शुल्कातून सूट होती. एकाच देशाच्या एकाच मालाला प्रांतागणिक वेगळी वागणूक मिळते, ती यामुळे.

वॉशिंग्टनमध्ये वाटाघाटीला बसलेल्या कॅनडाच्या अधिकाऱ्यांची अडचण यावरून लक्षात यावी. 2009 मध्ये अमेरिकेने मंदीवर उतारा म्हणून मोठे सरकारी खर्च काढले आणि त्यात अमेरिकी पोलादच वापरण्याची अट घातली. कॅनडाने सूट मागितली. अमेरिकेचे उत्तर होते की आमची 37 राज्ये जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी कराराखाली येतात, तुमचा एकही प्रांत येत नाही. मग प्रांतांनी आपली खरेदी खुली करायचे कबूल केले आणि फेब्रुवारी 2010 मध्ये करार लागू झाला. याच सुमारास युरोपीय संघानेही कॅनडाशी व्यापार कराराची बोलणी सुरू करताना प्रांतांचे प्रतिनिधी टेबलावर हवेत असा आग्रह धरला होता.

प्रांत सगळे एका दिशेला ओढतात असेही नाही. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांच्या धमक्यांना एकमुखी उत्तर द्यायला सारे प्रीमियर जमले, तेव्हा अल्बर्टाच्या डॅनिएल स्मिथ यांनी संयुक्त निवेदनावर सही केली नाही. तेलाची निर्यात दबावासाठी वापरायला त्यांचा विरोध होता, कारण ते तेल अल्बर्टाचे. मार्चमध्ये डग फोर्ड यांनी मिशिगन, मिनेसोटा आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या विजेवर 25 टक्के अधिभार लावला. त्याची झळ 15 लाख घरे आणि व्यवसायांना बसणार होती. ट्रम्प यांनी पोलादावरचे शुल्क दुप्पट करण्याचा इशारा दिला आणि त्याच दिवशी अधिभार स्थगित झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओंटारिओने रोनाल्ड रेगन यांच्या जुन्या भाषणाचा आवाज वापरून आयातशुल्काविरुद्ध एक जाहिरात अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवली, आणि ट्रम्प यांनी संपूर्ण कॅनडाशी चाललेली व्यापारबोलणी तोडली. प्रांताला एवढे बळ असले की त्याच्या चुकीची किंमत सबंध देश मोजतो, हे त्या महिन्यात कॅनडाने अनुभवले.

नदीच्या एका काठावरचे मिशिगनमधले डेट्रॉइट आणि दुसऱ्या काठावरचे ओंटारिओतले विंडसर या जोडशहरांतल्या पुलाची गोष्ट यापेक्षा आशादायक आहे. मोटार उद्योगाने ही दोन शहरे जवळजवळ एक केली आहेत. 1965 च्या ‘ऑटो पॅक्ट’ या मोटार व्यापाराच्या करारापासून सुटे भाग सीमेवरून ये-जा करतात, आणि एखादा भाग गाडीत बसेपर्यंत अनेकदा नदी ओलांडतो. दोन्ही देशांमधल्या व्यापाराचा सुमारे चौथा हिस्सा, किमतीच्या हिशेबाने, 1929 मध्ये बांधलेल्या ॲम्बेसेडर पुलावरून जात आला आहे. तो पूल खासगी मालकीचा आहे. ओंटारिओचा 401 क्रमांकाचा महामार्ग त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. टोरांटोहून भरधाव आलेला ट्रक विंडसरच्या भरवस्तीतल्या रस्त्यावर शिरायचा आणि शाळा, दुकाने, घरे यांच्यामधून एकेक सिग्नल पार करत पुलाकडे सरकायचा.

दुसरा पूल हवा हे सर्वांना पटत होते. मिशिगनच्या विधिमंडळाने मात्र पैसे द्यायला नकार दिला. रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्नायडर यांनी मग वेगळी वाट शोधली. जून 2012 मध्ये त्यांनी राज्याच्या प्रचलित कायद्यांतल्या सहकार्याच्या तरतुदींचा आधार घेऊन थेट कॅनडाच्या केंद्र सरकारशी करार केला. खर्च सगळा कॅनडाचा, मिशिगनच्या बाजूच्या रस्त्यासकट. तो टोलमधून वसूल होणार. मालकी मात्र कॅनडा आणि मिशिगन यांची समान. पोलाद दोन्ही देशांचे. नोव्हेंबरमध्ये हा पूल रोखू पाहणारा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मिशिगनच्या मतदारांपुढे आला. त्यांनी तो मोठ्या फरकाने फेटाळला. परक्या देशाच्या पैशाने आपल्या गावात पूल होतो आहे याला लोकांनी उघड्या मनाने होकार दिला, याचे मला फार मोल वाटते.

ओंटारिओने आपल्या बाजूचा 11 किलोमीटरचा हर्ब ग्रे पार्कवे बांधला. तो बऱ्याच ठिकाणी जमिनीच्या पातळीखालून जातो आणि वरून हिरवळ, पायवाटा, सायकलमार्ग आहेत. पुलाला गॉर्डी हाऊ यांचे नाव दिले. जन्माने सस्कॅचेवानचा हा आइस हॉकीपटू 25 हंगाम डेट्रॉइटच्या संघातून खेळला. 853 मीटरचा मधला गाळा उत्तर अमेरिकेतल्या केबलस्टेड पुलांमध्ये सर्वांत लांब आहे. जून 2024 मध्ये दोन्हीकडून पुढे आलेले भाग नदीवर जोडले गेले. 6.4 अब्ज कॅनेडियन डॉलरच्या या कामात एका देशाचे केंद्र सरकार आणि दुसऱ्या देशाचे एक राज्य असे अनोखे भागीदार आहेत.

कधी कधी राज्य आणि प्रांत यांच्यातले नाते करार नावाला न पोहोचताच काम करते. न्यू इंग्लंडचे गव्हर्नर आणि पूर्व कॅनडाचे प्रीमियर 1973 पासून एकत्र बसतात. कॅलिफोर्निया आणि क्युबेक यांनी 1 जानेवारी 2014 पासून आपले कार्बन बाजार जोडले. एकीकडे घेतलेला उत्सर्जनाचा परवाना दुसरीकडे चालतो. 2019 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने हा घटनाबाह्य तह आहे म्हणून कॅलिफोर्नियावर खटला भरला. 2020 मध्ये संघीय न्यायालयाने तो दावा फेटाळला. त्या जोडणीत कुणालाही बाहेर पडण्याची मोकळीक होती, हाही तिचा एक बचाव ठरला. ओंटारिओ तर जानेवारी 2018 मध्ये आत आला आणि सरकार बदलताच त्याच उन्हाळ्यात बाहेर पडला.

पंचमहासरोवरांचे पाणी राखण्याची व्यवस्था याच रीतीने उभी राहिली आहे. पृथ्वीच्या पाठीवरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारिओ या सरोवरांत आहे. 1998 मध्ये ओंटारिओच्या पर्यावरण खात्याने एका कंपनीला सुपीरियर सरोवरातून वर्षाला 60 कोटी लिटर पाणी जहाजांनी आशियात नेण्याचा परवाना देऊन टाकला. सरोवराच्या मानाने तो थेंबही नव्हता, पण पाणी एकदा व्यापाराचा माल ठरले की पुढच्याला नाही म्हणता येणार नाही, या धास्तीने दोन्ही काठांवर गहजब झाला आणि परवाना मागे घ्यावा लागला.

त्या घटनेनंतर सरोवरांभोवतालची आठ राज्ये आणि ओंटारिओ, क्युबेक हे दोन प्रांत बसले. तह करता येत नाही, मग त्यांनी दोन कागद केले. डिसेंबर 2005 मध्ये दहाही जणांनी एका सद्भावनेच्या करारावर सह्या केल्या. तो प्रत्येकाने आपापल्या कायद्याने अमलात आणायचा होता. आठ राज्यांनी आपसात वेगळा, बंधनकारक करार केला. त्याला आठही विधिमंडळांनी आणि काँग्रेसने मान्यता दिली आणि ऑक्टोबर 2008 मध्ये अध्यक्ष बुश यांची सही झाली. नियम असा की खोऱ्यातले पाणी खोऱ्याबाहेर जाणार नाही, आणि अपवाद मागायचा तर सर्वांपुढे मागावा लागेल.

पहिला मोठा अपवाद विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा शहराने मागितला. मिशिगन सरोवर तिथून फार दूर नाही, पण शहर पाणलोटाच्या रेषेपलीकडे आहे, आणि तिथल्या विहिरींत रेडियमचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर गेले होते. मागणी दिवसाला 1 कोटी 1 लाख गॅलनची होती. छाननीच्या बैठकांत ओंटारिओ आणि क्युबेकचे अधिकारी राज्यांच्या बरोबरीने बसले, आकडे तपासले, हरकती मांडल्या. अंतिम मत देण्याचा अधिकार कायद्याने फक्त आठ राज्यांना होता. पाणीपुरवठ्याचे क्षेत्र आक्रसले आणि मर्यादा 82 लाख गॅलनवर आली. जून 2016 मध्ये आठही राज्यांनी एकमताने होकार दिला. त्यातले एकही राज्य नाही म्हणाले असते तर मागणी तिथेच संपली असती. ऑक्टोबर 2023 पासून वॉकेशाला सरोवराचे पाणी मिळते, आणि वापरलेले पाणी शुद्ध करून रूट नदीवाटे मिशिगन सरोवरात परत सोडणे शहराला बंधनकारक आहे.